मुलाखतीतलं इंग्रजी

सोमवार, ४ मार्च

आज ठकू दिसली. दवाखान्याच्या भिंतीवर, टीव्हीत.

आमच्या दातांच्या दवाखान्यात वेटिंगमध्ये दिवसभर नटनट्यांच्या मुलाखती चालू असतात. बातम्या लावल्या की पेशंट आपसात भांडतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाच चॅनल ठरवून टाकलाय. आवाज अगदी बारीक, खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात. मी स्वच्छ केलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि वर पाहिलं, तर माझी मुलगी राखाडी सोफ्यावर बसली होती. सहा वर्षांनी पाहिली. तिच्या नावाच्या जागी भलतंच नाव लिहिलेलं होतं, पण मला काय नाव वाचून ओळखायची आहे?

आधी तिचा दात बघितला. पुढच्या दातावर चढलेला एक दात होता, तो गेला. काम सुरेख केलंय, कुठे जोड दिसत नाही. आईने आधी डोळे बघायला हवे होते, पण अख्खा दिवस दातच बघायची सवय झालीय, त्याला मी काय करू!

बोलता बोलता तिने डोळे पुसले. मुलाखत घेणारीने तिचा हात धरला. मला दोनच शब्द समजले, पॅरेंट्स आणि होम. पोरगी आमची आठवण काढून रडत होती.

माझं इंग्रजी म्हणजे ओपन, क्लोज, रिन्स, नेक्स्ट. एवढ्यावर लोकांचे दात निघतात, मुलीचं मन कसं कळायचं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मशीनचा आवाज आज जास्त येतोय का गं?" नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली. पाणी प्यायले. पेपर उलटासुलटा केला. मग म्हणाले, "काय म्हणत होती?"

"इंग्रजीत बोलत होती."

"मग शीक."

जसं काही मी बाजारातून इंग्रजी आणायचं विसरले.

गुरुवार, ७ मार्च

छातीचे डॉक्टर आज मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणाला बोलवायचं असेल तर आता बोलवून घ्या, थांबू नका." हे पलीकडे शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. रिक्षात मात्र स्वतःहून म्हणाले, "शिकायला सुरुवात केलीस का?"

ठकूचा जुना नंबर कधीच बंद पडलाय. तिचं ऑफिस आहे म्हणे, तिथे सगळे इंग्रजीतच बोलतात. म्हणजे शिकण्यावाचून सुटका नाही.

मंगळवार, १२ मार्च

रिसेप्शनवर बसणारी मुलगी मला शिकवते. तिला सगळं सांगितलंय. आधी तिचा विश्वासच बसेना. टीव्हीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, परत टीव्हीकडे. मग म्हणाली, "मावशी, हसताना तुमच्यासारखीच दिसते हो." तेव्हापासून तिला सगळं माफ आहे.

आमची पद्धत अशी की पेशंट आत गेला की मी खालची अक्षरं कागदावर उतरवते आणि ती अर्थ सांगते. नटांचं इंग्रजी सोपं आहे. सगळे तेच ते बोलतात. सगळे ग्रेटफुल असतात. सगळ्यांची जर्नी झालेली असते, घरातून कोणी हललेलं नसलं तरी. एक बाई म्हणाली, मी अतिशय प्रायव्हेट पर्सन आहे, आणि मग नवऱ्याने कसं टाकलं ते जाहिराती लागेपर्यंत सांगत होती. आल्याबरोबर सगळे "थँक यू फॉर हॅविंग मी" म्हणतात. मला बोलावलंत, आभारी आहे, असा अर्थ. चांगली रीत आहे.

ह्यांनाही थोडं थोडं शिकवते. नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्याला हे म्हणाले, "आय ॲम ब्लेस्ड." तो बिचारा घाईघाईने पान्हे गोळा करून निघाला. आम्ही दोघं इतके हसलो की ह्यांना खोकल्याची ढास लागली आणि मशीनचा आकडा वाढवावा लागला.

सोमवार, १८ मार्च

ठकूची मुलाखत पुन्हा लागली. हा चॅनल एकच मुलाखत आठवडेच्या आठवडे दळत बसतो, देवाची कृपा. ती रडते तिथलं वाक्य मी या वेळी अक्षर न् अक्षर उतरवलं. माय पॅरेंट्स पास्ड अवे इन द सेम वीक.

कागद रिसेप्शनवालीपुढे ठेवला. तिने वाचला आणि कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

"काय गं?"

"आईवडिलांबद्दल बोलतेय, मावशी."

"तेवढं मलाही कळतंय. काय बोलतेय?"

"प्रेमाने बोलतेय." मग उगाच फाइली लावायला लागली. तिला ताप-बिप असावा, चेहरा उतरला होता. एवढंसं वाक्य शिकवायला कंटाळली, असंही असेल. आजकालच्या मुलींना धीर नसतो.

ह्यांना सांगितलं, प्रेमाने बोलते म्हणून. पुष्कळ दिवसांनी ह्यांनी ताट स्वच्छ केलं.

शुक्रवार, २२ मार्च

एक गोष्ट लक्षात आलीय. ठकूची मुलाखत लागली की रिसेप्शनवाली चॅनल बदलते. विचारलं तर म्हणते, रिमोट बिघडलाय. आज मी तिच्यावर चिडले. "माझी मुलगी आहे ती, मला बघू दे," असं चार पेशंटांसमोर बोलून गेले. एक आजोबा गाल धरून माझ्याकडे टकामका बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, हिला भुलीचं इंजेक्शन चुकून बसलंय.

बुधवार, २७ मार्च

आज एक म्हातारा विनोदी नट आला होता. लहानपणी त्याची आणि त्याच्या भावाची जोडी होती. भावाचा काळापांढरा फोटो दाखवला, खाली दोन सालं, मध्ये रेघ. म्हातारा म्हणाला, "माय ब्रदर पास्ड अवे." हसवणारा माणूस, पण ओठ थरथरायला लागले. मुलाखत घेणारी त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस." तो म्हणाला, "थँक यू."

फोटो आणि दोन सालं. यात विचारायला कोणाकडे जायला नको. नवा शब्द मिळाला म्हणून आधी बरं वाटलं. गेला असं न म्हणता किती हळू म्हणतात बघा. आणि ऐकणाऱ्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं, म्हणजे आपल्यासारखी पंचाईत नको.

पुढे लिहिता येत नाहीये. हा शब्द मी आधी लिहिलाय.

गुरुवार, २८ मार्च

पास्ड अवे. दोघंही. एकाच आठवड्यात.

रविवार, ३१ मार्च

तीन दिवस नुसती जळतेय. मी जिवंत आहे. रोज कामावर जाते, गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, मेलेल्या माणसाचा नंबर वाढतो का? नऊ महिने पोटात बाळगलं, आणि ही चारचौघांत बसून माझ्या नावाने डोळे पुसते! आणि ती बाई तिचा हात धरते! मेले असते तर एक वेळ समजू शकले असते.

रिसेप्शनवालीने मला जवळ घेतलं. म्हणाली, "सांगायची हिंमत नाही झाली हो." तिच्यावर चिडले होते, त्याचं आता वाईट वाटतंय.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. रोज विचारतात आणि मी रोज काहीतरी नवीन सांगते. घरचा स्वयंपाक आठवतो म्हणाली. बाबांनी सायकल शिकवली म्हणाली. आज विचारलं, "माझ्या ओरडण्याबद्दल काही म्हणाली का?" मी म्हटलं, "नाही हो, ते तिच्या लक्षातही नाही." मी इतकं खोटं बोलू शकते हे मलाच माहीत नव्हतं.

मंगळवार, २ एप्रिल

तो आठवडा कुठला, यावर डोकं खाजवतेय. ती मुलाखतीत सांगते, "तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते." म्हणजे घर सोडून गेली त्याच वर्षीचं काहीतरी. त्या वर्षी आमच्याकडे काहीच झालं नाही.

म्हणजे एक झालं, पण ते वेगळं. ती नाटकवाल्यांबरोबर गेली तेव्हा ह्यांचा राग नुसता भडकला होता. जिन्यात कोणी विचारलं, मुलगी दिसत नाही, तर म्हणाले, "आमची मुलगी गेली." लोकांना खरंच वाटलं. आठवडाभर माणसं भेटायला येत होती. मी कोणाकोणाला सांगत बसणार? हे तर खोलीतून बाहेरच येईनात. आलेल्यांना चहा दिला, बसवलं. त्यातच ठकूचा फोन आला. मी म्हटलं, "घरात माणसं बसलीत, नंतर कर." "कशाला आलीत?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच आलीत," आणि फोन शेजारणीने घेतला, रडत होती बिचारी, तिला वाटलं फोनवर आमचे कोणी नातेवाईक आहेत, म्हणाली, "ठकू गेली हो." मग फोन आला नाही.

बाकी त्या वर्षी काही नाही. एकाच आठवड्यात दोघं, हे तिने कुठून काढलं देव जाणे. नाटकातलं असेल.

शुक्रवार, ५ एप्रिल

ह्यांना आता पलंगावरून खुर्चीपर्यंत यायलाही माझा खांदा लागतो. राग गिळला. रागाला काय, तो नंतरही करता येईल.

जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शनवालीने ठकूच्या ऑफिसचा नंबर लावून दिला. काय बोलायचं ते मी तोंडपाठ केलं होतं. एक माणूस बोलला. मी सुरू केलं, "थँक यू फॉर हॅविंग मी. आय ॲम सो ग्रेटफुल टु बी हिअर." तो म्हणाला, कोण बोलतंय? मी म्हटलं, "आय ॲम मदर. हर मदर."

तो हळू, अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, हर मदर पास्ड अवे."

सगळं समजलं. एकही शब्द विचारावा लागला नाही. आणि माझ्या तोंडून काय निघावं? एवढे दिवस त्या शब्दांनंतर जे ऐकत आले तेच. "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस."

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रिसेप्शनवाली विचारत होती, काय झालं, काय म्हणाले. मी हातमोजे चढवले आणि हत्यारं घासायला बसले. घासलेलीच परत घासली.

बुधवार, १० एप्रिल

रिसेप्शनवालीने शोधून काढलंय की चाहत्यांपैकी कोणी आजारी असेल तर ठकू त्याला छोटा व्हिडिओ पाठवते. फोटो पाठवायचा आणि दोन ओळी लिहायच्या. मी आधी नाही म्हटलं. पोटच्या पोरीकडे चाहता म्हणून जायचं? मग ह्यांच्याकडे बघितलं. ओळखलं तर येईल. नाही ओळखलं तरी ह्यांना तिचा आवाज ऐकायला मिळेल.

ह्यांचा खुर्चीतला फोटो काढला. नाकात नळी, दाढी वाढलेली, गालांची हाडं वर आलेली. बघून मलाच कसंसं झालं. सख्ख्या भावाने ओळखलं नसतं. लिहिलं, माझे यजमान आजारी आहेत, तुमच्या मुलाखती आवडीने बघतात. खाली नाव न घालता नुसतं, एक चाहती.

मंगळवार, १६ एप्रिल

आला! रिसेप्शनवाली माझ्याबरोबर घरी आली, मोठ्या फोनवर दाखवायला.

मी ह्यांची दाढी केली, उशी मागे दिली. ठकू साध्या शर्टात होती, केस बांधलेले, तोंडाला काही लावलेलं नव्हतं. म्हणाली, "हॅलो, सर. आय हर्ड यू आर नॉट वेल. प्लीज टेक युअर मेडिसिन्स ऑन टाइम, सर. अँड नो मोअर स्मोकिंग इन द बाथरूम. ओके, सर?" मग हसली. आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच व्हिडिओ संपला. त्यांना वेळ ठरवून दिलेला असतो.

मी तयारच होते. "बघा, म्हणते, बाबा, औषधं वेळेवर घ्या..."

"सर म्हणाली," हे म्हणाले.

बाकी सगळं मला हवं तसं फिरवता आलं असतं, पण हा शब्द ह्यांना येतो. जन्मभर लोकांच्या ऑफिसांतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, ज्याला त्याला सर म्हणत. मी खाली बघत राहिले. म्हणजे ओळखलं नाहीच. सिगारेटचं तर रिसेप्शनवालीनेच त्या दोन ओळींत पदरचं घातलेलं दिसतंय. हे खरंच तिथे कडी लावून ओढायचे, मीच कधीतरी तिच्याजवळ बडबडले असेन. तिला विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली आणि माझ्याकडे विचित्र बघत राहिली.

हे मात्र हसत होते. गाल ओले, आणि हसत होते. मला काही हसू आलं नाही.

"परत लाव," म्हणाले. परत लावला. पुन्हा म्हणाले, परत लाव. सगळ्या जन्मात ह्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं, त्याचंच अप्रूप वाटलं असेल.

शेवटी डोळे मिटून म्हणाले, "तिला कळव. म्हणावं, सरांना बरं वाटतंय."

मी लिहिलं, सर इज फीलिंग बेटर.

शुक्रवार, १९ एप्रिल

सकाळी चहा घेऊन गेले तर हे गेलेले होते. मशीन चालू होतं. मी ते बंद केलं आणि खोलीत इतकं शांत झालं की पुन्हा चालू केलं.

सोमवार, २९ एप्रिल

आजपासून कामावर जायला लागले. घरात बसवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवं तर आणखी चार दिवस घ्या. चार दिवस घेऊन करू काय?

रिसेप्शनवालीने मला आत स्टोअरमध्ये नेलं. ठकूचं उत्तर आलंय. तीन-चार दिवस झाले, पण दाखवायचं धाडस होत नव्हतं म्हणाली. मी स्वतः वाचलं. लिहिलंय, सरांना बरं वाटतंय हे वाचून फार आनंद झाला. आणि खाली, वेगळ्या ओळीत, अँड हाऊ इज मॅडम?

चाहत्यांच्या बायकांचीही चौकशी करते. वळण चांगलं आहे, नाही म्हटलं तरी घरचंच.

तिथेच खोक्यांवर बसून रडले. ह्यांच्यासाठी इतके दिवस रडले नव्हते तेही त्यातच निघून गेलं. माणसं येऊन गेली, धीर धरा म्हणाली, जेवलात का म्हणाली. मी कशी आहे, हे या सगळ्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, आणि तेही कोणी, तर जिने मला मारून टाकलंय तिने.

"मावशी, मी लिहू का?" रिसेप्शनवाली म्हणाली. "काका गेल्याचं सांगून टाकते. बरोबर शब्दांत लिहिते."

शब्द मलाही येतात. सर पास्ड अवे. ती लगेच उत्तर देईल, आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस. मी थँक यू म्हणेन. आणि मग तिच्याजवळ मला विचारायला काही उरणार नाही.

मी म्हटलं, "नको. दे इकडे, मी लिहिते."

एकेक अक्षर शोधत लिहिलं. सर इज फाइन. मॅडम इज ऑल्सो फाइन.

रिसेप्शनवालीला विचारलं, काही चुकलंय का? तिने नकारार्थी मान हलवली. मी पाठवून दिलं.